सीमेपलीकडची गाडी

गुरुशांत हत्तुरे यांनी एकतीस वर्षं सोलापूरच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत काढली. करमाळ्याची गाडी कुठल्या फलाटावर लागणार, वैरागमार्गे बार्शी किती उशिरा येणार, हे ते माइकवरून सांगायचे आणि माणसं आकाशवाणी झाल्यासारखी पिशव्या उचलून पळायची. रिटायर झाल्यावरही कुणाच्या लग्नाला कुणी कुठल्या गाडीनं यायचं हे तेच ठरवत, कुणी विचारलेलं नसताना. असा माणूस सोळा दिवस झाले तरी एक गाडी ठरवत नव्हता. त्यांच्या बायकोला, दाक्षायणीला, हे काही केल्या उमजत नव्हतं.

सोलापूर ते सिंगापूर सगळं तिथं राहणाऱ्या सुनेनं, अंकितानं, लावून दिलं होतं. प्रश्न पुढचा होता. सिंगापूरचा पूल ओलांडून मलेशियात शिरायचं, सीमेवर पासपोर्टवर शिक्के मारून घ्यायचे, मग अडीच-तीन तासांचा रस्ता, मग समुद्रकाठचं एक गाव, आणि तिथून फेरीबोटीनं बेट. त्या बेटाच्या अलीकडच्या पाण्यात गेल्या वर्षी ऑक्टोबरात त्यांचा मुलगा विरेश बुडाला. तेहेतीस वर्षांचा. सापडला नाही.

त्यांच्या लिंगायतांत माणूस गेला की त्याचं इष्टलिंग त्याच्या तळहातावर ठेवून मगच माती देतात. विरेश पोहायला निघाला की गळ्यातलं लिंग काढून घरी ठेवायचा. त्या दिवशीही ठेवून गेला. वर्षभर ते चांदीच्या डबीत अंकिताच्या कपाटात होतं. मठातल्या स्वामींनी सांगितलं होतं, "देह न्हाय तर पाणी हीच समाधी. आईबापांनी जावं, दोघांच्या हातानं सोडावं." नोव्हेंबरात तिकडं वारं फिरतं आणि बोटी बंद होतात, त्या फेब्रुवारी-मार्चपर्यंत. आज ऑक्टोबरची अठरा तारीख होती.

"अप्पा, परत एकदा सांगते," व्हिडिओ कॉलवर अंकिता म्हणाली. पोरगी वर्षात दहा वर्षांनी मोठी झाली होती. "ट्रेन पाच मिनिटांत पूल ओलांडते. दोन्हीकडचे शिक्के चढायच्या आधीच होतात. पण तिची तिकिटं लवकर संपतात, आणि पलीकडं गेल्यावर दुसरी गाडी शोधायची. टॅक्सीत बसल्या जागी शिक्के होतात. बसला दोनदा उतरायचं, सगळं सामान घेऊन."

"ट्रेन बरी," गुरुशांत म्हणाले.

"काल टॅक्सी बरी म्हणालात."

"मग टॅक्सी. पण त्येचा ड्रायव्हर कसा असंल... थांब, उद्या सांगतो."

त्यांच्यासमोर वही होती. तिच्यात त्यांनी रकाने पाडले होते: सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, थांबे. ट्रेन आणि टॅक्सीच्या ओळी भरलेल्या, बसची कोरी.

"तुमचं उद्या म्हणजे ज्येष्ठ नागरिकांचं उद्या," दाक्षायणी म्हणाली. "दोनशे गाड्या हाकलत होता की दिवसाला! आता एक सुटंना व्हय?"

ते हसले नाहीत. अंकितानं संध्याकाळी पुन्हा फोन करते म्हणून कॉल बंद केला.

दाक्षायणी भेंडी चिरायला बसली. हात चालू झाले की तिचं तोंडही चालू व्हायचं, आणि वर्षभर ते एकाच जागी जाऊन थांबायचं. "बसचं तर नावच नको. त्या मेल्या बसनं घात केला. लेकरू शिक्क्याच्या रांगेत उभं, आन् ही गेली निघून! दुसरी बस येईस्तोवर मोठी बोट गेली, म्हणून बसला त्या होडक्यात, तिन्हीसांजंचा. त्याला बसनं जा म्हणून कुणी सांगितलं त्येचं..."

"दाक्षायणी."

"...त्येच्या तोंडात माती पडो म्हणते मी."

"मी सांगितलं."

भेंडीला एक काप गेला. पुढचा गेला नाही.

"त्यानं फोन केल्ता," गुरुशांत वहीकडं बघत म्हणाले. "सकाळी. तू पूजेत होतीस. म्हणला, अप्पा, मित्र टॅक्सीनं चाललेत, माझी जागा धरलीय. पण तो ड्रायव्हर लई जोरात हाणतो. काय करू? मी म्हणलं, शेड्यूलची गाडी धर. मी म्हणलं, टॅक्सीवाल्याचं काय खरं न्हाय, पण शेड्यूलची गाडी माणसं मोजल्याबिगर हलत न्हाय. मला काय ठाऊक गं, तितं मोजत न्हाईत. कंडक्टरच नसतो म्हणं. तितं बस कुणाला थांबत न्हाय."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"वर्षभर बोलला न्हाईत?"

"तू शिव्या देत होतीस. तेवढं तरी मला मिळावं म्हणलं."

रोज दोन्ही वेळा, ताटावर, त्याच शिव्या. भाकरी मोडत खाली मान घालून जेवत असायचा हा माणूस, आणि तिला वाटायचं, बापाचं काळीज दगडाचं, म्हणून ऐकून घेतो. तिला त्यांची कीव आली. मग आपलाच राग आला. आणि या दोन्हींच्या खाली, विळीच्या पात्यासारखा थंड, त्यांच्यावरचा राग तसाच होता. तो हलला नाही याचं तिलाच नवल वाटलं. चूक प्रेमानं केलेली होती, हे तिला कळत होतं. कळून लेकरू परत येत नव्हतं.

"मी येत न्हाय," ते म्हणाले. "कुठली गाडी मांडली तरी माझा हात पुढं जाईना. माझ्या हातानं सोडलेलं त्याला चालंल का? तू जा. अंकिता हाय."

दाक्षायणीनं भेंडी पुरी चिरली. फोडणी टाकली. भाजी करपली, ती तशीच उतरवली. दिवेलागणीला फोन वाजला तेव्हा ते अजून त्याच खुर्चीत होते.

"अव्वा, ठरलं का?"

"टॅक्सी सांग," दाक्षायणी म्हणाली. "दोन माणसं, आन् तू तिसरी. ड्रायव्हरला सांग, हळू चालव. शंभरदा सांग."

गुरुशांतनी मान वर केली. "अगं, मी..."

"स्वामींनी दोघांच्या हातानं म्हटलंय. माझा एकटीचा हात पुरत न्हाय." तिनं फोन बंद केला. "पण मी तुमच्याशी बोलणार न्हाय. विमानात न्हाय, टॅक्सीत न्हाय, बोटीत तर न्हाईच."

"बरं."

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आन् परत येताना?"

ती आतल्या खोलीत गेली. कॉटखालची बॅग ओढून काढली, झटकली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या सोडणाऱ्या या माणसाला स्वतःला गाडी लागते, घाटात तर लहान पोरासारखा पांढराफटक पडतो, हे स्टँडवर कधी कुणाला कळलं नव्हतं. ते फक्त तिला ठाऊक होतं. तिनं आवळासुपारीची पुडी आणि दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवल्या, न बोलता हाताशी येतील अशा. मग कप्प्याची चेन धरून, ती न लावताच, जमिनीवर बसून राहिली.