बत्तिसावी चौकट

मानवी मनाचा तळ हजारो वर्षं कुणाला लागला नव्हता. तत्त्वज्ञ थकले, कवी थकले, सासवा थकल्या. अखेर तो एका समितीला लागला आणि समितीने तो बत्तीस चौकटींच्या एका निळ्या पुस्तिकेत नीट बसवला. अडचण एवढीच होती, की पुस्तिका युनिफॉर्मच्या खिशात बसत नव्हती.

नवी सिस्टर ती रोज कोंबून बसवायची. मनोरुग्णालयातल्या नोकरीचे सहा महिने तिने असे काढले होते. या सहा महिन्यांत खिशाची शिवण एका बाजूने उसवली होती आणि पुस्तिकेतल्या एकतीस चौकटींत सह्या झाल्या होत्या. ‘औषध योग्य माणसाला देते.’ सही. ‘चिडलेल्या माणसासमोर स्वतः चिडत नाही.’ सही. ‘कुलूप लावल्यावर पुन्हा ओढून बघते.’ दोन सह्या, कारण तिने दुसऱ्यांदाही ओढून बघितलं होतं.

राहिली होती बत्तिसावी. ‘अबोल रुग्णाशी विश्वासाचं नातं जोडते.’ त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं : नेमून दिलेल्या रुग्णाने स्वतःच्या हाताने सिस्टरबद्दल दोन ओळी लिहाव्यात. ही चौकट शुक्रवारी दुपारी बारापर्यंत भरली नाही, तर पुढचे तीन महिने पुन्हा उमेदवारी. घरी तिच्या आईने ‘पोरगी कायम झाली’ असं तिन्ही मावश्यांना फोन करून केव्हाच सांगून टाकलं होतं. धाकट्या मावशीने तर त्या भरवशावर एक स्थळसुद्धा बघून ठेवलं होतं.

नेमून दिलेला रुग्ण होता टेलरमास्तर. वय चौसष्ट, वॉर्डात येऊन एकोणीस दिवस, आणि एकोणीस दिवसांत तोंडातून ‘हं’ आणि ‘नको’ एवढे दोनच शब्द. त्यांच्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडे तयार कपड्यांचं तीन मजली दुकान झालं, तेव्हा त्यांनी चाळीस वर्षांचं आपलं दुकान बंद केलं. मग जेवण बंद केलं, मग अंघोळ, आणि शेवटी अंथरुणातून उठणं.

“चाळीस वर्षं मला वाटायचं, यांच्या तोंडात टाचण्या आहेत म्हणून बोलत नाहीत,” त्यांची बायको भेटीच्या वेळी सांगायची. “दुकान बंद झालं, टाचण्या संपल्या, तरी बोलेनात. तेव्हा मी घाबरले.”

सोमवारी सकाळी नवी सिस्टर त्यांच्या खाटेजवळ खुर्ची घेऊन बसली. शिकवल्याप्रमाणे तिने डोळे त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर आणले, हाताची घडी सोडली, किंचित पुढे वाकली आणि शांतता पाळली. रुग्णाला शांततेचा अवकाश द्यावा, असं पुस्तिकेत होतं. किती वेळ द्यावा, हे समितीने लिहिलं नव्हतं. टेलरमास्तरही शांत राहिले. तिला या गोष्टीचा अनुभव सहा महिन्यांचा, त्यांना चाळीस वर्षांचा. पंचविसाव्या मिनिटाला तिची मान अवघडली आणि सामना त्यांनी जिंकला.

“काही बोलले का गं?” वॉर्डातल्या मावशी फरशी पुसता पुसता म्हणाल्या.

“नाही. पण शांतता चांगली झाली.”

“झाली ना. मी दोनदा बघून गेले. मला वाटलं, दोघांनाही औषध दिलंय.”

मंगळवारी मात्र चमत्कार झाला. टेलरमास्तर छताकडे बघत म्हणाले, “पंखा वाजतोय.”

नवी सिस्टर सरसावून बसली. ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगावं, म्हणजे आपल्याला समजून घेतलं जातंय असं रुग्णाला वाटतं, हे तिला तोंडपाठ होतं.

“म्हणजे पंख्याच्या आवाजाचा तुम्हाला त्रास होतोय.”

“हो. वाजतोय ना.”

“तो वाजतोय असं तुम्हाला जाणवतंय.”

टेलरमास्तरांनी पहिल्यांदाच मान वळवून तिच्याकडे बघितलं.

“आणि तो आवाज ऐकला की मनात काय येतं?”

“की पंखा दुरुस्त करावा.”

“दुरुस्त व्हावं असं आतून वाटतंय,” ती हळुवारपणे म्हणाली.

टेलरमास्तर उठले. एकोणीस दिवस जो माणूस मावशींनी हाताला धरल्याशिवाय खाटेवरून हलला नव्हता, तो पायात चपला सरकवून वॉर्डाच्या टोकाला असलेल्या काचेच्या खोलीपर्यंत चालत गेला. तिथे मोठ्या सिस्टर बसत. अठ्ठावीस वर्षं नोकरी, चेहरा असा की त्यावरून पाऊस पडेल की ऊन, काही सांगता येऊ नये.

“सिस्टर, ती नवी पोरगी,” टेलरमास्तर खालच्या आवाजात म्हणाले. “चांगल्या घरची दिसते. पण आपण सांगितलेलं तेच आपल्याला परत सांगते. कुणाला तरी दाखवून घ्या. वेळेवर बघितलं तर बरं होतं म्हणे.”

“किती दिवसांपासून आहे हे?” मोठ्या सिस्टरांनी गंभीरपणे विचारलं.

“मी कालपासून बघतोय. काल तर अर्धा तास एकटक बसली होती.”

“बरं झालं सांगितलंत. मी लक्ष ठेवते.”

टेलरमास्तर परत जाऊन झोपले. मोठ्या सिस्टरांनी त्यांच्या कागदावर लिहिलं : ‘रुग्ण स्वतःहून चालत आला. सलग सहा वाक्यं बोलला. दुसऱ्या व्यक्तीबद्दल काळजी व्यक्त केली.’ मग त्यांनी नव्या सिस्टरला बोलावून तो कागद वाचायला दिला.

नवी सिस्टर चादरींच्या खोलीत जाऊन रडली. पाच मिनिटं रडली, नाक पुसलं आणि परत आली. यासाठी पुस्तिकेत चौकट नव्हती, नाहीतर सही मिळाली असती.

“मी सगळं शिकवल्यासारखंच केलं हो,” ती म्हणाली.

“तेच झालं ना. तू नळ दुरुस्त करणाऱ्याशी कशी बोलतेस?”

“साधंच.”

“मग टेलरनेच काय घोडं मारलंय? आणि ती पुस्तिका इथे टेबलावर ठेवून जा. खिशातून डोकावून बघते ती, माणसाला वाटतं आपली हजेरी चालू आहे.”

बुधवारी ती पुस्तिकेशिवाय गेली. खुर्ची तिरकी ठेवून बसली आणि दोघांनी मिळून पंख्याकडे बघितलं.

“तक्रार दिलीय. उद्या येतो म्हणालाय माणूस,” ती म्हणाली.

“तो उद्या येत नसतो.”

“माझी आईपण असंच म्हणते, सगळ्याच माणसांबद्दल.”

टेलरमास्तरांच्या ओठाचा एक कोपरा हलला. थोड्या वेळाने ते म्हणाले, “खिसा उसवलाय तुमचा. आणि डावा खांदा अर्धा इंच उतरलाय. कुणी शिवलाय हा?”

“शिवलेला नाही. तयार मिळतो.”

“दिसतंच आहे,” टेलरमास्तर अशा सुरात म्हणाले की समोरचं तीन मजली दुकान हादरलं असेल. मग आपल्या हातांकडे बघत म्हणाले, “सुई-दोरा द्या. खिसा तरी करतो.”

ज्या माणसाला तीन आठवडे काहीही नको होतं, त्याला काहीतरी हवं होतं. नव्या सिस्टरला इतका आनंद झाला की ती म्हणून गेली, “उद्या नक्की आणते.”

तिसऱ्या चौकटीत ‘जे देता येणार नाही त्याचं वचन देत नाही’ असं लिहिलं होतं. त्यावर तिला सही पाच महिन्यांपूर्वीच मिळाली होती, त्यामुळे तिकडे आता कुणी बघत नव्हतं.

गुरुवारी सकाळी तिने मोठ्या सिस्टरांना सांगितलं. मोठ्या सिस्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. या वॉर्डात दाढीचं पातं मोजून दिलं जायचं आणि मोजून घेतलं जायचं. पट्टे, नाड्या, बुटांच्या लेस पहिल्याच दिवशी कपाटात जायच्या.

“तो माणूस इथे का आलाय, वाचलंयस ना? जगून काय करायचं, असं बायकोला म्हणाला होता. तिने त्याला आणलं ते त्या वाक्यामुळे. डॉक्टर रोज विचारतात, तो रोज भिंतीकडे बघतो. मग सुई कशी देऊ मी?”

“नका देऊ. चुकलंच माझं.”

“बरं. मग कोण सांगणार त्यांना? मी सांगू?”

हा प्रश्न मोठ्या सिस्टरांनी अगदी सहज विचारला. ‘हो’ म्हटलं असतं तर त्या उठून गेल्याही असत्या. उद्या दुपारी बाराला ज्या माणसाने दोन ओळी लिहायच्या, त्याचं मन मोडायला आज स्वतः जावं, असं कुणाला वाटेल? नव्या सिस्टरलाही वाटलं नाही. तरी ती म्हणाली, “नाही. मीच म्हणाले होते, मीच सांगते.”

टेलरमास्तर खाटेवर बसून वाट बघत होते. केस पाणी लावून विंचरले होते.

“सुई नाही मिळणार,” ती उभ्याउभ्याच म्हणाली. “काल मी विचारल्याशिवाय हो म्हणाले. तसं म्हणायला नको होतं.”

टेलरमास्तरांनी मान भिंतीकडे वळवली. बराच वेळ गेला. ही शांतता सोमवारच्या शांततेपेक्षा वेगळी होती. ही कुणी पाळत नव्हतं.

“का नाही?” ते भिंतीला म्हणाले.

“कारण तुम्ही जिवाचं काही बरंवाईट करून घ्याल, अशी आम्हाला भीती वाटते.” ती खुर्ची ओढून बसली. “वाटतं का तुम्हाला तसं? मरून जावं असं?”

पंखा खडखडत होता.

“दुकानाचं शटर शेवटचं ओढलं, त्या महिन्यात रोज वाटायचं,” टेलरमास्तर म्हणाले. “आता सकाळी वाटतं. दुपारपर्यंत जातं.”

“आज सकाळी?”

“आज जरा कमी. आज सुई येणार होती.”

“पुन्हा सकाळी तसं वाटलं तर मला सांगाल?”

“तुमची पाळी दुपारची असली तर?”

“तर जी असेल तिला.”

“ती दुसरी फार बोलते.”

“मग तुम्ही नुसता हात वर करा. बाकीचं ती बोलेल.”

टेलरमास्तरांच्या ओठाचे या वेळी दोन्ही कोपरे हलले.

“आणि हे सगळं मी डॉक्टरांना आणि मोठ्या सिस्टरांना सांगणार,” ती म्हणाली. “आपल्यातच ठेवते असं खोटं सांगत नाही.”

“सांगा. मला तेच तेच सांगायचा कंटाळा येतो. तुम्हाला तर सवय आहे.”

तिने सांगितलं. डॉक्टर येऊन गेले आणि त्यांच्याशी टेलरमास्तर मोजकी दहा-बारा वाक्यं बोलले. सकाळच्या पहिल्या चहाबरोबर कुणीतरी रोज त्यांच्याजवळ दहा मिनिटं बसायचं, असं ठरलं. सुईचा निकाल मोठ्या सिस्टरांनी दिला. सुई येईल, पण राहील नव्या सिस्टरच्या हातात. टेलरमास्तर नुसतं सांगतील.

दुपारी चार वाजता जेवणाच्या लांब टेबलावर शिवणकाम सुरू झालं. अंगात जुना स्वेटर, पुढ्यात युनिफॉर्म आणि हातात सुई घेऊन नवी सिस्टर मध्ये बसली. तिच्या एका बाजूला मोठ्या सिस्टर, सुईवर नजर ठेवून, दुसऱ्या बाजूला टेलरमास्तर.

“आत घ्या. अजून आत. हां, टाका मारा.” टेलरमास्तरांनी अंगठ्याने शिवण चाचपली. “हा काय टाका? यातून कुत्रं आरपार जाईल. उसवा.”

“पुन्हा?”

“पुन्हा म्हणजे काय, पहिला कुठे झाला? उसवा.”

तिने तो खिसा पाच वेळा शिवला आणि चार वेळा उसवला. त्या दीड तासात टेलरमास्तर जितकं बोलले, तितकं लग्न झाल्यापासून बोलले नव्हते, असं त्यांची बायको दारात उभी राहून मोठ्या सिस्टरांना म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि थोडा रागही होता. मावशींनी मध्येच येऊन आपल्या झंपराची बाही दाखवली. टेलरमास्तरांनी ती दुरूनच बघून ‘त्याला आता देवही वाचवू शकत नाही’ असा निर्वाळा दिला आणि संध्याकाळी चार घास जास्त जेवले.

शुक्रवारी साडेअकराला मोठ्या सिस्टरांनी निळी पुस्तिका उघडली. बत्तिसावी चौकट कोरी होती.

“लिहून नाही घेतलंस?”

“मागवेना,” नवी सिस्टर म्हणाली. “त्यांना वाटेल, मी एवढ्यासाठीच बोलत होते.”

“बोलत होतीसच की.”

“सोमवारी, हो.”

“आणि तीन महिने वाढले म्हणजे? तुझी आई आणि त्या मावश्या?”

“आईला मी सांगेन. धाकट्या मावशीला आई सांगेल.”

मोठ्या सिस्टरांनी पुस्तिका उचलली, पेन घेतलं आणि खोलीबाहेर पडल्या. नवी सिस्टर ‘नका, नका’ म्हणत मागोमाग गेली, आणि काहीतरी आहे हे ओळखून मावशीही हातातली बादली ठेवून आल्या.

“मास्तर,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “ही पोरगी मागणार नाही, म्हणून मी मागते. हिच्याबद्दल दोन ओळी लिहायच्यात. खरं असेल तेच लिहा. वाईट असलं तरी चालेल, आणि लिहायचंच नसलं तरी काही बिघडत नाही.”

टेलरमास्तरांनी पुस्तिका घेतली, पेन घेतलं आणि त्या कोऱ्या चौकटीकडे बघत राहिले. एक मिनिट गेलं. त्यांनी पुस्तिका थोडी लांब धरली, मग आणखी लांब. आपलं सगळं आयुष्य या दोन ओळींत कसं मांडावं, हे त्यांच्या मनात चाललंय, हे बघणाऱ्याला स्पष्ट दिसत होतं. मावशींनी पदर डोळ्यांना लावला. नव्या सिस्टरने श्वास रोखून धरला. अठ्ठावीस वर्षांत ज्यांचा चेहरा कुणाला वाचता आला नव्हता, त्या मोठ्या सिस्टरांनीसुद्धा खिडकीकडे तोंड फिरवलं.

अखेर टेलरमास्तरांनी मान वर केली.

“लिहितो की,” ते म्हणाले. “पण पहिल्या दिवशी माझा चष्मा काढून घेऊन तुमच्या त्या कपाटात ठेवलात. तेवढा आणून देता का?”