खाली बसायचं नाही

कुत्र्यापायी आणखी एक कोंबडी मेली त्या संध्याकाळी शेजारचा चिमाजी गेनबाच्या ओट्यापाशी येऊन उभा राहिला. त्यानं आवाज चढवला नाही, म्हणूनच गेनबाला भीती वाटली.

"दादा, वैनी व्हत्या तवर म्या गप बसलो. आता न्हाई. परत माझ्या अंगणात दिसला तर भाकरीत औषध घालनार. सांगून घालतोय, मागनं बोलू नका."

चिमाजी उगाच बोलणारा माणूस नव्हता.

कुत्रं बनाबाईचं, गेनबाच्या बायकोचं. गडावर जाणाऱ्यांच्या गाड्या गुंजवण्यात लागतात, तिथं गेल्या श्रावणात तिला ते सापडलं होतं. गळ्यात भारीतला पट्टा आणि पोट खपाटीला. तिनं पदराखाली घालून घरी आणलं, भिंगऱ्या नाव ठेवलं. भात निसवून लोंब्या बाहेर आल्या तेव्हा पाखरं राखायला ती त्याला बरोबर नेऊ लागली. तिचं तो ऐकायचा. ती गेली आणि तो कुणाचाच राहिला नाही. साखळीला बांधला की हिसके देऊन मान सोलून घ्यायचा, सोडला की गावभर उधळायचा. गेनबानं हाक मारली की लांब जायचा, ओरडलं की आणखी लांब.

सकाळी गेनबानं त्याच्या गळ्यात दोरी घातली आणि वरच्या धनगरवाड्याची वाट धरली. तिथल्या सावळाचं कुत्रं बिबट्यानं नेलं होतं. चढात गेनबाचे गुडघे बोलू लागले. अर्ध्या वाटेवर एक सपाट धोंडा आहे, त्यावर तो टेकला. भिंगऱ्या लगेच त्याच्या पायाशी येऊन बसला. थकलं असेल, असं गेनबाला वाटलं.

सावळानं कुत्र्याचे दात बघितले, पाय चाचपले.

"अंगानं बरं हाय. पर म्हातारपनी साथ हाय की तुमाला. का देताय?"

"गावात ऱ्हायलं तर मरंल," गेनबा म्हणाला. "तू साखळीला बांधशील का?"

"साखळी हितं कुठली, आबा?" सावळाची बायको बयाबाई चहा देत म्हणाली. "ह्यास्नीच बांधाया मिळंना मला."

सावळा हसला नाही. "माजं ऐका. शेरडं सोडतो, तुमीबी त्याला सोडा. एकालाबी दात लावला तर घिऊन जायचं. न्हाई लावला तर ठिवून जायचं, आन परत बघाया यायचं न्हाई. दोनीकडं लळा ऱ्हायला की कुत्रं राखनीला बसत न्हाई."

गेनबानं मान हलवली. घेऊन जायचं म्हणजे चिमाजीच्या भाकरीला न्यायचं.

शेरडं उताराला पांगली आणि गेनबानं कुत्र्याच्या गळ्यातली दोरी सोडून घेतली. भिंगऱ्यानं आधी जमीन हुंगली. मग एका करडाशी खेळायला झेपावला, करडू उधळलं आणि त्याच्यामागं सगळा कळप.

"होऽऽ! हाड!" सावळा ओरडला.

भिंगऱ्या बाणासारखा सुटला. शेरडं वळली ती कड्याच्या अंगाला. बयाबाई वरून ओरडू लागली, गेनबानंही हाक घातली. जसजसं ओरडणं वाढलं तसतसा तो जास्तच पळू लागला, या टोकाहून त्या टोकाला. शेरडं एकमेकांत दाटली. कडेच्या गाभण शेळीच्या खुराखालून एक दगड निसटला आणि बराच वेळ खाली गडगडत गेला.

सावळानं खांद्यावरची कुऱ्हाड हातात घेतली. "आबा, बोलवा त्याला. न्हाईतर घालतो."

गेनबानं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. दोन हाकांच्या मधे भिंगऱ्या क्षणभर थांबत होता. कान टवकारून मागं, माणसांकडं बघत होता. पुढची हाक आली की पुन्हा पळत होता.

हे गेनबानं पाहिलं होतं. वरच्या खाचरातून दिसायचं. बनाबाई होऽऽ करायची, कुत्रं शेताच्या टोकाला पळायचं, राघूंचा थवा उठायचा. पुन्हा होऽऽ, की दुसऱ्या टोकाला. आणि पाखरं गेली की ती बांधावर पाय पसरून बसायची. हाक नाही, शीळ नाही. बसली की कुत्रं मांडीशी हजर.

"गप ऱ्हावा," गेनबा म्हणाला. "कुनी वराडू नगा. बया, खाली बस."

"बसू? शेरडं चालली कड्यावरनं, आन—"

"बस, पोरी."

तो स्वतः गवतात बसला. बयाबाई वर बसली. सावळा कुऱ्हाड धरून उभाच होता, पण त्यानं तोंड मिटलं.

भिंगऱ्या थांबला. हाकेची वाट बघितली. हाक आली नाही. मग जीभ बाहेर काढून तो दुडक्या चालीनं वर आला आणि गेनबाच्या गुडघ्यावर त्यानं हनुवटी टेकली. शेरडं कड्यापासून आपली आपण मागं सरकली.

बयाबाईनं खाली जाऊन एकेका शेरडाच्या पायावरून, मानेवरून हात फिरवला.

"दात न्हाई कुठं. निस्ती पळवली."

सावळानं कुऱ्हाड खांद्यावर टाकली. "बिबट्या आला की आमी वराडनारच. तवा असंच पळाया पायजे."

"एरवी बसायचं," गेनबा म्हणाला. "बसलं की येतंय. मालकिनीनं लावलेली सवय हाय."

बयाबाई भाकरी घेऊन दारातल्या दगडावर बसली. भिंगऱ्यानं तिच्याकडं बघितलं, गेनबाकडं बघितलं. गेनबा गवताला धरून उठला आणि वाटेला लागला.

मागून भुंकणं आलं नाही. कुत्रं उभं राहून आपल्याकडं बघतंय, हे त्याला वळून न बघताही कळत होतं. उतार चढापेक्षा वाईट, गुडघे लटपटायला लागले. सपाट धोंडा आला. तिथून धनगरवाडा साफ दिसतो, आणि धनगरवाड्यावरून धोंड्यावर बसलेला माणूसही. गेनबानं करवंदीच्या जाळीला धरलं, हातात काटे गेले, तरी तो उभाच राहिला. दम खाल्ला आणि पुढं चालू लागला.

जांभळीच्या वळणावर धनगरवाडा डोंगराआड गेला. आणखी थोडं खाली उतरून मगच तो बसला. वाटेवर, धुळीत, पाय पसरून. बराच वेळ वर बघत राहिला.

कोणी आलं नाही. दोरीची गुंडाळी करून त्यानं ती खिशात घातली.