दोन सोंडांचा हत्ती

मावशींच्या दुकानात नाटकांचे पोशाख शिवले जात. तिथे दोन शिंपी होते. एक रेडिओकाका. ते सुईत दोरा ओवतानासुद्धा बोलत, आणि दोरा ओवला गेला की तो कसा ओवला गेला हेही सांगत. दुसरी अबोली. ती दिवसभरात चार शब्द बोलली, तर मावशी तिच्या कपाळाला हात लावून ताप आलाय का ते बघत.

त्या आठवड्यात बालनाट्यासाठी हत्ती शिवायचा होता, आत दोन माणसं मावतील असा. पुढचा अर्धा एकाने शिवायचा, मागचा दुसऱ्याने, आणि शेवटी दोन्ही जोडायचे.

"पुढचा मी घेतो," रेडिओकाका म्हणाले. "सोंड म्हणजे आपल्या हातचं काम. तू मागचा घे. चालेल ना?"

अबोलीची मान हलली.

आता गंमत अशी, की मशीन चालू असलं की टाक्यागणिक अबोलीची मान हलायचीच. "दुकानाला आग लागलीय, चालेल ना?" असं विचारलं असतं तरी ती हललीच असती. आणि त्या वेळी अबोली शिवत होती हत्तीचा कान. पण काका बोलण्यात इतके रंगले होते, की त्यांना नुसतं राखाडी कापड दिसलं.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी दोघांनी आपापले अर्धे टेबलावर ठेवले. दोन सोंडा, चार कान. शेपूट एकही नाही.

मावशी मटकन स्टुलावर बसल्या. "अरे देवा! नाटकवाले म्हणालेत, आज गडबड झाली तर पुढचं सगळं काम दुसरीकडे देऊ. मग आपण काय, उशांचे अभ्रे शिवायचे?"

"मी विचारलं होतं हिला! चांगली मान हलवली हिने!"

"अहो, ती दिवसभर हलवते!"

काका सुरूच झाले. एका सोंडेचं शेपूट करू, हत्ती उलटा चालवू, नाटकाचं नावच बदलू... अबोली बिचारी घाबरून कसलंतरी अस्तर शिवायला बसली. मान डुलू लागली.

मावशी उठल्या. एक हात त्यांनी काकांच्या तोंडावर ठेवला आणि दुसऱ्याने मशीनचं चाक घट्ट धरलं. दुकान इतकं शांत झालं, की भिंतीवरची पालही दचकली.

"आता बोल गं बाई."

अबोलीने बराच विचार केला. "स्टेजला दोन बाजू असतात."

काकांनी मावशींचा हात झटकला. "म्हणजे एक हत्ती डावीकडून, एक उजवीकडून! मागचं सगळं पडद्याआड! वा गं वा!"

दुपारी दोन हत्ती पोटापर्यंत बाहेर आले आणि झोंबाझोंबी करू लागले. नाटकात भांडण नव्हतं, पण आतल्या माणसांना समोरचं दिसेना आणि सोंडा एकमेकींत अडकल्या. मुलं बाकांवर उभी राहून हसत होती.

"यांचं मागचं कुठाय?" एक मुलगी ओरडली.

पडद्याआडून नाटकवाल्यांचा आवाज आला, "येतंय, येतंय! मोठे हत्ती आहेत, वेळ लागतो!"

खेळ संपल्यावर ते घाम पुसत मावशींकडे आले. "पुढच्या महिन्यात मगर हवी. पूर्ण."

"देते की," मावशी म्हणाल्या. "पण तोंडं किती, ते आत्ताच सांगून ठेवा."