सोडतो आणि सोड तो

मी एक जुनी गाडी आहे. लहान, चार दारांची, आणि त्यातलं एक दार फक्त आतून उघडतं. माझ्या पुढच्या बंपरला डाव्या अंगाला एक पोचा आहे. तो फाटकाच्या खांबामुळे पडला. पण मित्रांनो, त्या वेळी मी आणि खांब यांच्यामध्ये एका माणसाचा गुडघा होता. ते सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुढे सरकत नाही.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. अंगावर रंग चढला तेव्हा वाटलं, आपल्यासारखी आपणच. असं प्रत्येक गाडीला वाटतं, त्यात काही विशेष नाही. पहिली मालकीण वकील होती. ती मला रोज पुसून घ्यायची आणि दाराला ओरखडा पडला तर घरात कुणाशी बोलायची नाही. मग मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेले. शिकाऊ लोक क्लचवर असे उभे राहायचे, जसं काही ओट्यावर चढून वरचा डबा काढायचाय. अर्ध्या शहराने माझ्यावर हात साफ करून घेतला आणि पहिली नोकरी लागताच दुसरी गाडी घेतली. शेवटी एका भिंतीच्या कडेला मला उभं केलं ते केलंच. चाकांतली हवा गेली, ब्रेकच्या नळ्या गंजल्या, बोनेटखाली मांजरीने पिल्लं घातली. येणारेजाणारे टपावर कोपर टेकून गप्पा मारायचे. कुणाच्या तरी उपयोगी पडतेय, एवढंच समाधान.

तिथून मला मशीनकाकांनी आणलं.

मशीनकाका हे त्यांचं खरं नाव नव्हे. जन्मभर त्यांनी लोकांच्या घरी जाऊन शिलाई मशिनं दुरुस्त केली, म्हणून मशीनकाका. त्यांचा मुलगा दूरच्या शहरात कामाला. घरात ते आणि सून, दोघंच. सून दवाखान्याच्या धुलाईखान्यात पहाटेच्या पाळीला जायची. त्या वेळी बस नसते. दुधाचा एक टेम्पो तिला पुढच्या सीटवर घेऊन जायचा. त्या टेम्पोवाल्याने सांगितलं होतं, की पुढच्या महिन्यापासून त्याचा रस्ता बदलणार. म्हणजे गाडी झाली तर नोकरी राहणार, नाही झाली तर जाणार. सुनेला गाडी चालवता येत होती. नव्हती ती फक्त गाडी.

"सूनबाई, मशीन काय आणि मोटार काय," काका म्हणाले, "दोन्ही पायानेच चालवायच्या. तेल घातलं की बोलायला लागतात."

"बाबा, मशीन उतारावरून खाली जात नाही," सून म्हणाली.

काका हसले. मीही हसले असते, पण बॅटरी नव्हती.

इमारतीच्या मागच्या अंगणात त्यांनी मला विटांवर चढवलं. कार्ब्युरेटरची बारीक छिद्रं शिलाईच्या सुईने साफ केली. फाटलेल्या सीटना नवी कव्हरं घरच्याच मशिनवर शिवली, दुहेरी टीप मारून. सून कामावरून यायची, तोंडावर पाणी मारायची आणि थेट माझ्यापाशी. ती पाने-पकडी पुसून हातात द्यायची, गंज घासायची. वरच्या मजल्यावरची मावशी गॅलरीतून रोज हजेरी घ्यायची.

"सासरा गाडीखाली, सून गाडीत. मग घर कोण चालवतंय?"

"घर आपोआप चालतं, मावशी," सून खालून म्हणायची. "ही चालत नाही, म्हणून तर बसलोय."

एक दिवस मी चालू झाले. धूर काढला, खोकले, पण चालू झाले. काकांनी माझ्या बोनेटवर थाप मारली. इतक्या वर्षांत कुणी मला अशी थाप मारली नव्हती. म्हणून पुढचं सांगताना माझी मान खाली जाते. गाडीला मान नसते, तरी जाते.

उरले होते ब्रेक. नळ्या बदलल्या की त्यांत हवा शिरते. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. म्हणून ती हवा काढावी लागते, आणि ते एकट्याचं काम नव्हे. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकामागचा छोटा स्क्रू उघडायचा. हवेचे बुडबुडे तेलाबरोबर स्क्रूला लावलेल्या रबरी नळीतून बाटलीत उतरतात. स्क्रू बंद झाला की मगच आतल्याने पाय उचलायचा. पाय आधी उचलला तर गेलेली हवा परत आत. म्हणजे दोघांनी एकमेकांना दिसायचं नाही आणि तरी एकमेकांचं नीट ऐकायचं. संसारच म्हणा.

पहिली तीन चाकं छान झाली. काका ओरडायचे, "दाब." सून म्हणायची, "दाबलं." काका म्हणायचे, "उघडतो." मग, "बंद. आता उचल." शेवटच्या चाकाशी जागा अडचणीची होती. एका हातात पाना, दुसऱ्या हातात बाटली, म्हणून काकांनी टॉर्च दातात धरला. दातात टॉर्च धरून "उघडतो" म्हणता येत नाही. तोंड उघडावं लागतं. म्हणून ते म्हणाले, "सोडतो."

आत सुनेला ऐकू आलं, "सोड तो." तो म्हणजे पाय. तिने पाय सोडला.

बाहेर बाटली कलंडली होती, नळीचं टोक तेलाच्या वर आलं होतं. मी हवा ओढून घेतली. गुळुक असा आवाज झाला. काकांनी पुन्हा दाबायला सांगितलं, पुन्हा "सोडतो", पुन्हा गुळुक. असं बरेचदा झालं.

तो आवाज काकांनी ऐकला. त्यांना वाटलं, पोरगी पहाटेपासून उभी आहे, त्यात तासन्तास पेडल मारतेय, तिला कुठे म्हणू की तुझा पाय चुकला? तिला जाणवलं असतं तर ती बोललीच असती. इकडे सुनेच्या पायाला कळत होतं, की पेडल लोण्यासारखं मऊ लागतंय. तिला वाटलं, बाबांचा हात कामात मुरलेला, त्यांना मी काय शिकवू? काही चुकलं असतं तर ते बोललेच असते.

काका हात पुसत खिडकीशी आले. "कसं लागतंय पेडल?"

सुनेने दोनदा भराभर दाबून पाहिलं. भराभर दाबलं की हवा असलेलं पेडलही थोडा वेळ कडक लागतं. ती म्हणाली, "बरं आहे."

मित्रांनो, मी पुष्कळ शिव्या ऐकल्या आहेत. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तर रोजच्या. पण "बरं आहे" इतका वाईट शब्द मी ऐकला नाही. ज्याला "नाही" म्हणायचं असतं आणि समोरच्याचा मान ठेवायचा असतो, तो "बरं आहे" म्हणतो. मोठे लोक याला संस्कार म्हणतात. म्हणोत. मला त्या संस्कारांचं वजन नळीत जाणवत होतं.

मला विटांवरून उतरवलं. अंगणातून फाटकाकडे उतार आहे. सून स्टिअरिंगमागे बसली. काका पुढे जाऊन फाटकाशी उभे राहिले, खांबाला पाठ लावून. मावशी गॅलरीत आली. "ये, येऊ दे, येऊ दे," काका हाताने बोलावत होते. एखाद्या पोराला पहिलं पाऊल टाकायला बोलवावं, तसे.

मी गेले. सुनेने ब्रेक दाबला आणि पेडल थेट तळाला गेलं. माझ्या अंगातली हवा दबली, चाकं थांबली नाहीत. हँडब्रेक ओढायचं तिला सुचलं, पण तोवर काकांचा उजवा गुडघा माझा बंपर आणि खांब यांच्यामध्ये सापडला होता.

हळूच लागलं हो. मी काही वेगात नव्हते. पण लोखंडाला हळू आणि जोरात यातला फरक कळतो, हाडाला कळत नाही.

काकांना तिच्याच दवाखान्यात नेलं. प्लास्टर चढलं. डॉक्टर म्हणाले, पाय पूर्वीसारखा वाकणार नाही. भेटायला येणाऱ्यांना काका सांगायचे, "मीच घसरलो. तिचं काही नाही त्यात." सून सांगायची, "माझाच पाय चुकला. बाबांचं काही नाही." सगळ्या जगाला दोघांनी आपापली चूक सांगितली. एकमेकांना नाही. एका घरात जेवत होते, एकमेकांच्या ताटात वाढत होते आणि मला बघायला लागू नये म्हणून मागची खिडकी बंद ठेवत होते. मावशीनेसुद्धा टोमणे मारायचं सोडलं, यावरून काय ते ओळखा.

मी ताडपत्रीखाली. चूक कुणाची, याचा हिशेब माणसं करतात. धडक माझ्या अंगाने दिली, हे माझ्यापुरतं पुरेसं होतं.

महिना संपत आला. टेम्पोवाल्याचा शेवटचा आठवडा. तेव्हा काकांनी भंगारवाल्याला बोलावलं. तो आला, ताडपत्री काढली, टायरला लाथ मारून बघितली. काका कुबडी घेऊन दारात उभे होते.

"घेऊन जा," ते म्हणाले.

"बाबा, थांबा," सून म्हणाली. "त्या दिवशी पेडल मऊ लागत होतं. मला कळलं होतं. तरी मी बरं आहे म्हणाले."

काका कुबडी टेकत एक पाऊल तिच्याकडे सरकले. "गुळुक झालं होतं," ते म्हणाले. "मी ऐकलं. एकदा नाही, दर वेळी."

"मग बोलला का नाहीत?"

"तू का बोलली नाहीस?"

"तुम्हीच तर म्हणालात, सोड तो."

"मी म्हणालो, सोडतो. मी सोडतो. स्क्रू."

"सोड तो म्हणालात. मी ऐकलं."

काकांनी भंगारवाल्याकडे वळून विचारलं, "तुम्ही सांगा. सोडतो. काय ऐकू आलं?"

"दात मिटून म्हणा," सून म्हणाली. "टॉर्च होता तुमच्या दातात."

काकांनी दात मिटून म्हटलं. भंगारवाल्याने डोकं खाजवलं. "मला आपलं 'सोड तो' ऐकू आलं. तुमचं ठरलं की फोन करा, मला तिकडे एक फ्रिज उचलायचाय." आणि तो गेला.

सून खाली बसली आणि रडली. काकांना खाली बसता येत नव्हतं. ते उभ्यानेच तिच्या डोक्यावर हात ठेवून राहिले, कुबडी काखेतून निसटत असताना. मग म्हणाले, "पाना कुठे ठेवलास?"

दुसऱ्या दिवशी जागा बदलल्या. सून माझ्याखाली, पाना तिच्या हातात. काका सीटवर, प्लास्टरचा पाय दाराबाहेर सोडून, धडधाकट पाय पेडलवर. "सोड" हा शब्द घरात बंद केला. उघडलं आणि मिटलं, एवढंच बोलायचं. टॉर्च दोरीने चाकाला बांधला. बाटली विटांत घट्ट बसवली.

"दाबा."

"दाबलं."

"उघडलं," सून म्हणाली. मग तिचा हात थांबला. "बाबा, पाय उचललात."

"नाही बुवा."

"उचललात. मला तेल मागे जाताना दिसलं."

काकांच्या टाचेचं वजन मला कळत होतं, ते मघाशी खरंच हललं होतं. एवढ्या वर्षांत त्यांचा हात चुकला, असं घरात कुणी त्यांना म्हटलं नव्हतं.

"उचलला," काका म्हणाले. "पुन्हा करू."

पुन्हा केलं. त्या चाकापाशी संध्याकाळ झाली. मग काकांनी पेडल दाबलं, एकदाच, भराभर नव्हे. ते दगडासारखं कडक लागलं. तरी सुनेने विचारलं, "कसं लागतंय?" आणि काकांनी "बरं आहे" म्हटलं नाही. ते म्हणाले, "तू स्वतः बसून बघ."

आता मी रोज पहाटे तिला धुलाईखान्यात नेते. काका फाटक उघडायला येतात, पाय ओढत. खांबाच्या या बाजूला नाही, त्या बाजूला उभे राहतात. त्यांनी माझ्या सगळ्या अंगावरचे पोचे ठोकून काढले, पण बंपरचा तो पोचा ठेवला. मी तो काढा म्हणणार नाही. मला तो हवा आहे.

मित्रांनो, मला धुतलं नाही तरी चालेल. टपावर कोपर टेका, मांजरीला आत झोपू द्या. पण पायाखाली काही मऊ लागलं, तर समोर सासरा असो, गुरुजी असोत, बाप असो, गाडी जागेवरून हलायच्या आधी तोंड उघडा. त्यांना राग येईल. येऊ दे. रागाला प्लास्टर लागत नाही.