गाळाचा झोका

इमारतीला झोका लागला होता आणि ती थांबायचं नाव घेईना. सुरुवात एका किरकोळ भूकंपाने झाली. भूकंप आपल्या वाटेने निघून गेला. खाडीत भर घालून केलेली जमीन मात्र डोलतच राहिली, आणि तिच्यासोबत वरची ‘सागरवैभव’ सोसायटीही.

इमारतीखाली रबराच्या जाड गाद्या घालायची हौस हळबे इंजिनिअरांची. राहायलाही ते तिथेच, पहिल्या मजल्यावर. कातळावर या गाद्या नामी काम करतात. धक्के घाईचे, इमारत निवांत, दोघांची गाठच पडत नाही. इथे खालचा गाळही तितकाच निवांत निघाला. दोघांचं असं काही जमलं की प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा लांब जाऊ लागला.

रहिवाशांनी आपली सोय बघितली. झोका आता पश्चिमेला मासळी बाजारापर्यंत जाई, पूर्वेला दूध डेअरीपर्यंत. एका झोक्याला उतरायचं, पुढच्याला चढायचं.

“रिक्षापेक्षा बरं,” चेअरमन तोरस्कर म्हणाले. “भाडं नाही.”

हळबे मात्र बाल्कनीतून हलत नव्हते. त्यांची बायको वृंदा बोंबील आणायला उतरली होती आणि आता इमारत बाजार ओलांडून पुढच्या चिखलात जाऊन थबकत होती. वृंदा पिशवी सांभाळत तिथवर आली.

“अहो, थांबवा की हिला!”

“माती ऐकत नाही गं!”

“मग गाद्या कशाला घातल्यात?”

“आपण सुखरूप राहावं म्हणून!”

पुढच्या झोक्याला हळबे बाल्कनीत पालथे पडले आणि त्यांनी तिचं मनगट धरलं. तिचे पाय गुडघ्यापर्यंत रुतले होते.

“सोडा. पुढच्या खेपेला येते.”

“मुळीच सोडणार नाही,” हळबे म्हणाले. खेपेचा त्यांना भरवसा उरला नव्हता.

इमारत परत निघाली, तसा त्यांचा हात लांबू लागला. दुखलं अजिबात नाही. हात बाजारावरून गेला तेव्हा कोळणींनी टोपल्या खाली घेतल्या. डेअरीपाशी तोरस्करांनी त्यावर पंचा वाळत घातला.

“जरा ताठ धरा, हळबे.”

हळब्यांचं लक्ष नव्हतं. दूर पलीकडे वृंदाची बोटं त्यांच्या मनगटाभोवती घट्ट झाली होती, आणि त्यांना रडू येत होतं. त्यांनी इमारत थबकायची वाट पाहिली.

डेअरी मागे पडली. इमारत पूर्वेकडे चाललीच होती.