काळा टॅब, करडा टॅब

शाळेला नववीच्या मुलींसाठी टॅब घ्यायचे होते आणि कोणते घ्यायचे हे ठरवायचं काम संगणकाच्या बाईंच्या गळ्यात पडलं होतं. ठरवायचं म्हणजे नावालाच. मुख्याध्यापकांचं मन आधीच एका कंपनीच्या काळ्या टॅबवर बसलं होतं. बाईंनी फक्त मान डोलवायची होती. पण बाई पडल्या चिकट. तो काळा टॅब आणि ओपन सोर्सवर चालणारा, म्हणजे ज्याच्या आतलं सगळं कुणालाही उघडून बघता येतं असा, एक करडा टॅब, असे दोन्ही त्यांनी आठवडाभरासाठी घरी नेले.

करड्याने पहिल्याच दिवशी घाम काढला. प्रिंटरशी त्याचं पटेना आणि मराठी कीबोर्ड शोधण्यात अर्धी सकाळ गेली. काळा मात्र एकदम गुळगुळीत. शिवाय त्यात वाचनाच्या सरावाचं एक ॲप होतं. आपल्याला हवं ते वाक्य लिहून मोठ्याने वाचायचं, अडलं की ते पुन्हा म्हणून दाखवणार. बाईंनी मनातल्या मनात काळ्याला मत देऊनही टाकलं होतं, आणि त्याचं कारण घरातच होतं.

बाईंची लेक याच शाळेत नववीत होती. बोलताना अडखळायची. पाचवीत कुणीतरी भर वर्गात तिची नक्कल केली, तेव्हापासून तिने शाळेत तोंडाला कुलूप लावलं होतं. घरीही मानेनेच हो-नाही. सकाळची शाळा आटोपून आली की हल्ली ती काळा टॅब घेऊन खोलीत शिरायची आणि दार लावून घ्यायची. काय करतेस विचारलं की "अ-अभ्यास" एवढंच. बाईंनी एकदा चक्क दाराला कानही लावला होता, पण आतल्या पंख्याच्या घरघरीपलीकडे काही हाती लागलं नाही.

बैठक दुपारी मुख्याध्यापकांच्या खोलीत होती. मुख्याध्यापक, संस्थेच्या चिटणीसबाई, संगणकाच्या बाई आणि कंपनीचा विक्रेता. विक्रेत्याच्या तोंडात साखरेचा कारखाना होता. त्याने लॅपटॉप उघडला, भिंतीवर चित्र पाडलं आणि म्हणाला, "सर, आता खरी गंमत बघा. कुठली मुलगी टॅबवर काय करतेय, ते तुम्हाला इथे बसल्या बसल्या दिसेल."

"घरी असली तरी?" मुख्याध्यापकांचे डोळे चमकले.

"घरी काय, आजोळी असली तरी!"

भिंतीवर एक यादी आली. वेगवेगळ्या शाळांना वापरून बघायला दिलेले टॅब, नुसते क्रमांक. सगळ्यांपुढे राखाडी ठिपके, एकाच्याच पुढे हिरवा. "हा चालू आहे. कुणाचा आहे कुणास ठाऊक, पण नमुन्याला चालेल," असं म्हणत त्याने ठिपक्यावर बोट दाबलं.

भिंतीवर वाचनाचं ॲप उघडलं. मोठ्या अक्षरांत एक वाक्य होतं: पहाटे पक्षी पंख पसरून पाण्यापाशी पोचतात. आणि लॅपटॉपमधून आवाज आला.

"प-प-प... पहाटे प... प-पक्षी..."

आवाज ओळखायला त्यांना पहिला 'प'च पुरला. 'प' तिचा वैरी. प्रश्न म्हणायची वेळ आली की ती शंका म्हणायची, पुस्तक म्हणायच्या ऐवजी वही. आणि आज हीच मुलगी मुद्दाम सगळे 'प' एका ओळीत मांडून त्यांच्याशी झुंजत बसली होती! हे चाललं होतं तर दारामागे.

मुख्याध्यापकांना हसू आलं. "पहिलीतलं पोर दिसतंय कुणाचं तरी." नऊ वर्षं त्यांच्याच शाळेत शिकलेल्या मुलीचा आवाज त्यांनी ओळखला नाही, कारण तो त्यांच्या कानावर कधी पडलाच नव्हता.

बाईंनी तेव्हाच उठायला हवं होतं. त्या उठल्या नाहीत. उलट पुढे सरकून बसल्या. किती महिन्यांनी लेकीचा सलग आवाज ऐकायला मिळत होता! ती 'पंख'वर अडली, थांबली, श्वास घेऊन पुन्हा पहिल्यापासून लागली. या खेपेला 'पक्षी' तर न अडखळता आला. बाईंचे डोळे भरले. आणखी थोडं ऐकू दे, एवढंच त्यांच्या मनात होतं. भिंतीवर लेकीची चोरून पाहणी चाललीय आणि आपणही त्यात सामील आहोत, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

"इथून संदेशही पाठवता येतो," विक्रेता म्हणाला. "थेट तिच्या पडद्यावर. सर, काय लिहू?"

"लिहा, 'हळू वाच'," मुख्याध्यापक म्हणाले. "घाई करतेय ती."

विक्रेता दोन बोटांनी टाइप करू लागला. 'ह' उमटला, मग 'ळू'. हळू बोल, नीट बोल, श्वास घे, हे ऐकून ऐकून तर ती मुकी झाली होती. बंद खोलीत, कुणी ऐकत नाही या भरवशावर तिने तोंड उघडलं होतं. आता पडद्यावर हे दोन शब्द उगवले की संपलं. ती जन्मात पुन्हा मोठ्याने वाचणार नव्हती.

विक्रेत्याचं बोट पाठवण्याच्या बटणाकडे वळलं आणि बाईंनी उठून लॅपटॉपचं झाकण खाडकन खाली दाबलं. तो "आई गं!" करून बोटं झटकू लागला. भिंत कोरी झाली.

"बाई, हे काय चाललंय?" मुख्याध्यापक कडाडले.

"ती माझी मुलगी आहे."

विक्रेता पुटपुटला, "मॅडम, सॉरी, पण शाळांना हे हवंच असतं हो."

"मी संगणक शिकवते," बाई म्हणाल्या. "आठवडाभर हा टॅब माझ्या घरात आहे. सगळी सेटिंग्ज पालथी घातली. मला हे कुठे दिसलं नाही, कारण तुम्ही दिसू दिलेलं नाही. त्या करड्यातही उद्या कुणी असलं काहीतरी घालू शकेल. पण घातलं तर ते दिसेल, आणि मी ते उपटून फेकू शकेन."

"पण मुली काय करतात ते आपल्याला कळायला नको का?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"आत्ता कळलं की. काय केलंत सर? हसलात."

मुख्याध्यापक समोरचे कागद सारखे करत राहिले. शेवटी चिटणीसबाईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "करडे मागवा."

बाई जिंकल्या होत्या. पण घरी जाताना पाय उचलत नव्हते. लपवावं, असं दहादा मनात आलं. कोण सांगणार होतं तिला? पण लपवलं तर आपल्यात आणि त्या काळ्या टॅबात फरक तो काय, असं वाटून त्यांनी दारातून आत शिरल्या शिरल्या सांगून टाकलं. सगळं, स्वतः पुढे सरकून बसल्याचंसुद्धा.

लेकीचा चेहरा पांढरा पडला. "कि-किती जणांनी ऐकलं?"

"चौघांनी. माझ्यासकट."

बाईंनी करडा टॅब पुढे केला. "यातही तसंच वाचनाचं ॲप टाकून देते. जरा ओबडधोबड आहे, पण ऐकणारं कुणी नाही. मी बघितलंय."

"का-काळ्यातही तू बघितलं होतंस."

"हो सोन्या," त्या म्हणाल्या. "म्हणून यावेळी माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तूच बघ."

दोघी जमिनीवर बसल्या. माइक कोण वापरतं, नेटवरून काय बाहेर जातं, एकेक पान लेक स्वतः उघडत गेली. जे कळेना ते विचारत गेली, नको वाटलं ते काढत गेली. वाचनाचं ॲप बसल्यावर तिने नेटही बंद केलं, मग मान वर केली.

"आता तू बा-बाहेर जा. प-पार खाली. ऐकू नकोस."

बाईंनी चपला घातल्या, जिना उतरल्या आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या दुकानाशी जाऊन उभ्या राहिल्या. वर खिडकी उघडी होती. रस्त्यावर एवढा गलका होता, की लेक वाचतेय की नुसती बसलीय, ते त्यांना कळत नव्हतं. खिडकीखाली जाऊन उभं राहावं, असं त्यांना फार वाटलं. त्या तिथेच थांबल्या.