नळी काढायच्या दिवशी

कॉटच्या लोखंडी दांड्याला अडकवलेली ती प्लास्टिकची डबी, पेटीच्या भात्यासारख्या घड्या असलेली, सकाळपासून फारशी फुगलीच नव्हती. तळाशी थोडं काळपट लाल, बस. काल याच वेळेला तिच्या निम्म्या घड्या उलगडल्या होत्या.

छाया स्टुलावर बसून तिच्याकडे बघत होती. सासूबाईंच्या, रुख्माबाईंच्या, मांडीच्या वरच्या अंगाला लावलेल्या पट्टीतून निघालेली बारीक नळी पांघरुणाखालून येऊन त्या डबीत उतरत होती. खुब्याचा सांधा बदलल्यावर आत साचणारं रक्त या नळीवाटे ओढून घेतात, ते थांबत आलं की नळी काढायची—एवढं तिला ऑपरेशनच्या दिवशीच सांगितलं होतं. नळी काढली की पाय खाली सोडून बसवायचं, मग वॉकर धरून उभं करायचं, मग दारापर्यंत चालवायचं... मग घरी. आणि घरी गेल्यावर—

काल डबी पुन्हा भरलेली बघून डॉक्टर म्हणाले होते, "राहू द्या अजून, उद्या बघू," आणि रुख्माबाईंचा चेहरा पडला होता. आणि त्याच क्षणी छायाच्या छातीत काहीतरी सैल झालं होतं. अजून एक दिवस. म्हाताऱ्या बाईच्या अंगातून रक्त जातंय आणि मला बरं वाटतंय... मी अशी कधी झाले? तिने तेव्हा उगाचच पाण्याची बाटली उचलली होती आणि ती भरलेलीच आहे हे नळापाशी गेल्यावर तिच्या लक्षात आलं होतं.

"तुमचं तरी दिसते बाहेर, काय चालू आहे ते," शेजारच्या कॉटवरून सुलोचनाबाई म्हणाल्या. त्या समुद्रपूरच्या, त्यांचाही खुबा बदललेला, पण त्यांना नळी नव्हती आणि ही गोष्ट त्यांच्या मनातून जात नव्हती. सिस्टर आत आली तशी त्यांनी तिलाच धरलं. "काऊन वो सिस्टर, मले काऊन नाई लावली नळी? रुख्माबाईले लावली, मले नाई."

सिस्टरचं नाव वर्षाली. ती सलाइनकडे बघत हसली. "आजी, सगळ्यांना लागत नाही. आता तर बऱ्याच जणांना टाकतच नाहीत, आतलं रक्त शरीर आपोआप जिरवतं. यांची रक्त पातळ करायची गोळी चालू होती, म्हणून डॉक्टरांनी टाकली."

"जिरते म्हणते," सुलोचनाबाई छताकडे बघत पुटपुटल्या. त्यांचा विश्वास बसला नव्हता.

रुख्माबाई डोळे मिटून पडल्या होत्या. दोन पायांच्या मध्ये उशी, हात पोटावर. झोपल्या होत्या की नाही, कळत नव्हतं. आजकाल त्यांच्याबद्दल काहीच कळत नव्हतं, आणि हेच तर छायाला कुरतडत होतं...

ती संध्याकाळ. ओसरीत दोघी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांच्या जाम गावच्या चौकातून हायवेच्या ट्रकांचा आवाज येत होता—तो नेहमीच येतो, त्यामुळे ऐकू येत नाही. त्या दिवशी मात्र प्रत्येक ट्रक वेगळा ऐकू आला. छायाने एका दमात सांगून टाकलं. देवळीचे ओमप्रकाशजी. पंपाच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. बायको वारली, आचल नावाची मुलगी आहे. त्यांनी लग्नाचं विचारलं आहे. मी अजून हो म्हटलं नाही. पण म्हणावं म्हणते.

रुख्माबाईंचे हात थांबले नाहीत. शेंग उघडली, दाणे टोपल्यात पडले, टरफल बाजूला गेलं. मग त्या म्हणाल्या, "बरं."

एवढंच. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीजवळच्या ओल्या फरशीवर त्यांचा पाय सरकला. छाया मशीनवर ब्लाउज शिवत होती. तिने तो आवाज ऐकला—जड काहीतरी खाली ठेवल्यासारखा. त्या रात्री त्यांना झोप लागली होती का? त्या पडल्या तेव्हा कशाचा विचार करत होत्या? फरशी तर रोजच ओली असते...

ऑपरेशननंतर दोन दिवस त्या भरकटल्या होत्या. छायाला आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारत. धीरज जेवला का, विचारत. धीरज, छायाचा नवरा, जाऊन तीन वर्षं झाली होती. छाया म्हणे, "जेवला, आई." डॉक्टरांनी समजावलं की वयस्कर माणसांना भूल दिल्यावर असं होतं, उतरेल, मात्र पडण्याच्या आसपासच्या काही गोष्टी कदाचित परत आठवणार नाहीत.

परत आठवणार नाहीत. हे वाक्य छायाने घट्ट धरून ठेवलं होतं. भ्रम उतरला, त्या माणसं ओळखू लागल्या, डाळ अळणी आहे म्हणू लागल्या. देवळीचं नाव मात्र निघालं नाही. नणंद सपना येऊन, दिवसभर बसून गेली. जाताना म्हणाली, "वहिनी, तुम्ही आहात म्हणून मले घोर नाई." छायाने मान हलवली. तेव्हाही रुख्माबाई डोळे मिटूनच होत्या.

आठवत असेल तर बोलत का नाहीत? आठवत नसेल तर पुन्हा सांगायचं का? पुन्हा, त्याच शब्दांत, आता या पडलेल्या बाईला? धीरज गेल्यावर याच बाईने पुढच्या खोलीतली आपली खाट स्वतः ओढत आत नेली होती. "इथं तुझी मशीन लाव," म्हणाली होती, "उजेड चांगला येते." त्यानंतर गावातलं कोणी काही बोललं की ती म्हणे, माझी सून कमावते. सून. तो शब्द ती असा उच्चारायची की त्यात धीरज असण्या-नसण्याचा प्रश्नच यायचा नाही.

राउंडला डॉक्टर आले, डबी उचलून पाहिली, म्हणाले, "छान. काढून टाका आज."

छाया उठून उभी राहिली. हातात काही नव्हतं तरी काहीतरी निसटल्यासारखं झालं.

वर्षाली ट्रे घेऊन आली. पडदा ओढला. पट्टी सोडवताना रुख्माबाईंनी डोळे उघडले आणि छायाचं मनगट धरलं. त्यांच्या बोटांत अजून एवढी ताकद असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"दुखते का वो?" रुख्माबाईंनी विचारलं.

"क्षणभर. लांब श्वास घ्या आजी... आता सोडा."

नळी बाहेर आली. छायाला वाटलं होतं त्याहून कितीतरी लांब होती. येतच राहिली, बारीक भोकं पाडलेलं तिचं आतलं टोक येईपर्यंत. रुख्माबाईंच्या तोंडून आवाज निघाला नाही. फक्त मनगटावरची पकड आवळत गेली, आणि मग, नळी ट्रेमध्ये पडल्यावरही, सैल झाली नाही. वर्षालीने कापूस दाबून धरला, नवी पट्टी लावली. "झालं. दुपारी बसवू, उद्या उभं करू," म्हणत ती ट्रे घेऊन गेली. पडदा अर्धा ओढलेलाच राहिला.

छायाने मोकळ्या हाताने पांघरूण सारखं केलं.

"छाया."

"हो, आई."

"देवळीवरून आपल्या जामले सरळ गाडी राह्यते का?"

छायाच्या कानात एकदम शांत झालं. पलीकडे सुलोचनाबाई कोणाशी तरी बोलत होत्या, त्यांचे ओठ हलताना दिसत होते.

"नाई, आई. वर्ध्याले बदलावी लागते."

"अस्सं." रुख्माबाईंनी डोळे मिटले. "मंग टाइम लागत असंन." आणि थोड्या वेळाने त्यांचा श्वास संथ झाला.

म्हणजे आठवत होतं. सगळं... शेंगा, ते 'बरं', सगळं. कदाचित पहिल्या दिवसापासून. छाया स्टुलावर बसली. हे कळलं की मोकळं वाटेल, नाहीतर जीव घाबरेल, अशी तिची कल्पना होती. पण तिला आधी आला तो राग, साधा, लहान मुलासारखा राग—त्यांनी विसरून जायला हवं होतं. त्या विसरल्या असत्या तर पुन्हा सांगायचं टाळता आलं असतं, वॉकर, गोळ्या, सपना, सगळं आपसूक आड आलं असतं. आणि पुढे कधी कोणी विचारलं असतं तर म्हणता आलं असतं, जाणारच होते मी, पण... तर मी या 'पण'ची वाट बघत होते. इतके दिवस, त्या डबीकडे बघत.

सासूबाईंनी जा म्हटलं नव्हतं. राहा म्हटलं नव्हतं. गाडीचं विचारलं होतं; ती गाडी सून निघून जाण्याची की कधीमधी भेटायला येण्याची, की आपण स्वतःच तिच्याकडे जाण्याची, तेही त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि छायाला जाणवलं की त्या ते सांगणारही नाहीत. सासूबाई काय म्हणतील, सपना काय म्हणेल, गाव काय म्हणेल हे तिने स्वतःला हजारदा विचारलं होतं. ओमप्रकाशजींसोबत राहायचं मला मनापासून वाटतं का, हे एकदाही विचारलं नव्हतं. आता तेवढाच प्रश्न उरला होता. त्याचं उत्तर तिला माहीत नव्हतं. आणि माहीत नाही हे कबूल करताना, कितीतरी दिवसांत पहिल्यांदा, तिला कोणाचीच लाज वाटली नाही.